युरोपातून बडोद्यात ग्लायडर आणायचं तर: कंटेनरपासून व्हीटी नोंदणीपर्यंत

जुनं पण धडधाकट ग्लायडर, म्हणजे बहुधा बिनइंजिनाचं विमान, घ्यायचं तर आजही युरोपकडेच बघावं लागतं. एलएस ४, अ‍ॅस्टिर, एएसके २१ अशी फायबरग्लासची यंत्रं तिथल्या क्लबांत वर्षानुवर्षं नीट सांभाळलेली असतात आणि ट्रेलरसकट विकली जातात. बडोद्यातल्या तीन-चार जणांनी पैसे एकत्र करून असं एक यंत्र आणायचं ठरवलं की पहिला प्रश्न हमखास कंटेनरच्या भाड्याचा निघतो. खरं तर तो प्रश्न बराच नंतरचा. समुद्रातून ग्लायडर आणणं तितकंसं अवघड नाही. अडतं ते कागदांचा क्रम चुकल्यामुळे. विकणाऱ्याच्या हँगरमध्ये ग्लायडर दोन महिने जास्त राहिलं तर फार काही बिघडत नाही. तेच बडोद्याजवळच्या दशरथच्या कंटेनर डेपोत अडकलं, तर जागेचं भाडं, कंटेनरचं डिटेन्शन (तो वेळेत परत न केल्याचा दंड) आणि उशिराचा आकार, तिन्ही मीटर एकदम चालू होतात. म्हणून कागद आधी आणि कंटेनर नंतर.

अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी

उडवणार कुठून, हे आधी ठरवा. हरणीचा विमानतळ प्रवासी विमानांचा आहे आणि हवाई दलही तिथेच आहे, त्यामुळे तिथे मोकळेपणी विंच (केबल ओढून ग्लायडर वर चढवणारं यंत्र) लावता येईल असं धरून चालू नका. विंच लाँचला सरळ, मोकळी धावपट्टी लागते. केबल जितकी लांब पसरता येईल त्याच्या साधारण एक तृतीयांश ते चाळीस टक्के उंची मिळते, म्हणजे एक किलोमीटर केबलला तीनशे ते चारशे मीटर. एअरोटो करायचा, म्हणजे दुसऱ्या विमानाने ओढून वर न्यायचं, तर टो-हुक (दोर अडकवायचा हुक) बसवलेलं विमान आणि त्याचा परवानगी असलेला पायलट हवा. यातलं काहीच जुळत नसेल, तर ग्लायडर सरळ पुण्याच्या हडपसर ग्लायडिंग सेंटरसारख्या चालू ठिकाणी ठेवण्याचा विचार करा. त्यांची लेखी संमती मात्र खरेदीच्या आधी घ्या.

दुसरी गोष्ट, देखभाल कोण करणार? फायबरग्लासच्या ग्लायडरवर सही करू शकणारा परवानाधारक एएमई (विमान-देखभाल अभियंता) आपल्याकडे सहज मिळत नाही. तो मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याला यंत्राचा प्रकार, टाइप सर्टिफिकेटची (त्या प्रकारच्या रचनेला मिळालेल्या मान्यतेची) डेटाशीट आणि मेन्टेनन्स मॅन्युअल पाठवा आणि या प्रकारावर त्याला काम करता येईल का, ते विचारा.

मग यंत्राची निवड. भारतात याआधी नोंदणी झालेला प्रकार असेल तर डीजीसीए या नागरी विमान नियामकाकडची वाट बरीच छोटी होते. तो प्रकार इथे पहिल्यांदाच येत असेल तर टाइप सर्टिफिकेट मान्य करून घेण्याचं वेगळं काम वाढतं आणि ते एकट्या-दुकट्या मालकाच्या आवाक्यातलं नसतं. आयात होणाऱ्या विमानांच्या वयाबद्दलही डीजीसीएचे नियम आहेत. निर्मितीचं साल, एकूण तास आणि एकूण लाँच हे तिन्ही आकडे देऊन आपलं यंत्र त्यात कसं बसतं, ते लेखी विचारून घ्या.

स्वस्त दिसतं म्हणून ब्लानिक एल-१३ घेण्याआधी थांबा. २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका एल-१३ चा पंख उडताना तुटला, मुख्य स्पारमधल्या (पंखाच्या आतल्या तुळईतल्या) धातूच्या थकव्यामुळे. त्यानंतर जगभरची एल-१३ जमिनीवर आली. पुढे ठरवून दिलेला बदल किंवा तपासणी पुरी केलेलीच परत उडू शकली. ते कागद नसलेलं यंत्र फुकट मिळालं तरी इथे त्याचा उपयोग नाही.

फायबरग्लासच्या ग्लायडरना सुरुवातीची मर्यादा बहुधा ३००० तासांची असते. पुढचं आयुष्य कारखान्याने सांगितलेली मोठी तपासणी करूनच वाढवता येतं. २९०० तासांचं यंत्र बाजारात स्वस्त मिळतं याचं कारण हेच. ती तपासणी तिथेच करून घ्या, कारण इथे ती करणारा माणूस शोधण्यात वर्ष जाईल. टॉस्ट कंपनीच्या टो-हुकाचं २००० लाँचनंतर ओव्हरहॉल लागतं, सीटच्या पट्ट्यांनाही आयुष्यमर्यादा असते. लॉगबुकात या तारखा बघा आणि जवळ आलेलं सगळं काम विकणाऱ्याकडूनच पुरं करून घ्या.

कागद कोणत्या क्रमाने

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो कराराचं कलम १८ सांगतं की एक विमान एकाच वेळी दोन देशांत नोंदलेलं असू शकत नाही. सगळा क्रम या एका वाक्यातून निघतो. जुन्या देशातून नाव कमी झाल्याशिवाय व्हीटी (भारतीय नोंदणीची अक्षरं) मिळत नाही. आणि नाव कमी झालं की ते यंत्र तिथे उडवता येत नाही, आपल्याकडे अजून उडवता येत नाही. मधल्या काळात ते फक्त माल असतं. ग्लायडरच्या बाबतीत यात अडचण नाही, ते पेटीतूनच यायचं आहे. पण उडवून बघायचं, वजन करायचं, तपासून घ्यायचं, जे काही असेल ते नाव कमी होण्याआधी उरकायला हवं.

सर्वांत आधी डीजीसीएकडून आयातीची परवानगी. नोंदणी कोणाच्या नावावर होणार हे इथेच पक्कं करा, एका व्यक्तीच्या की तुम्ही काढलेल्या कंपनीच्या. करारनामा, बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती), आयात कोड आणि नोंदणीचा अर्ज, सगळीकडे अगदी तेच नाव यायला हवं. एका कागदावर ‘जोशी’ आणि दुसऱ्यावर कंपनीचं नाव असं झालं, तर कस्टम्समध्ये आणि डीजीसीएत दोन्हीकडे खुलासे लिहीत बसावं लागतं. इम्पोर्ट एक्स्पोर्ट कोड डीजीएफटी या परदेशी व्यापार खात्याकडून ऑनलाइन निघतो. तो पॅनशी जोडलेला असतो. परदेशी पैसे पाठवताना बँकेला आयातीचं कारण सांगावं लागतं आणि माल आल्यावर बिल ऑफ एंट्रीही (कस्टम्सकडे भरायचं आयातपत्र) दाखवावं लागतं, म्हणून रक्कम पहिल्या दिवसापासून त्याच खात्यातून जाऊ द्या.

परवानगी हातात आली की विकणाऱ्याला कामाला लावा. चालू एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (यंत्र उडण्यालायक असल्याच्या तपासणीचा दाखला), ताजा वजन-अहवाल, लागू असलेल्या सर्व एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (नियामकाच्या सक्तीच्या दुरुस्ती-तपासणी आदेशांची) पूर्ततेसह यादी, कारखान्याच्या टेक्निकल नोट्सची तशीच यादी, बसवलेल्या उपकरणांची यादी आणि मूळ लॉगबुकं. जर्मन यंत्राची लॉगबुकं जर्मनमध्येच असतात. महत्त्वाच्या नोंदींचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर तिथेच करून घ्या. फ्लाइट मॅन्युअल कारखान्याच्या मान्यताप्राप्त इंग्रजी आवृत्तीत मागवा, इंटरनेटवरून उतरवलेली प्रत चालणार नाही. कॉकपिटमधल्या जर्मन सूचनापट्ट्यांच्या जागी इंग्रजी सूचनापट्ट्यांचा संच त्याच वेळी मागवा. त्याला फारसा खर्च येत नाही, पण त्याच्यावाचून तपासणी अडते.

मग एक्स्पोर्ट सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दिनेस. युरोपीय संघातल्या देशात ते इएएसए या तिथल्या विमान-सुरक्षा संस्थेच्या फॉर्म २७ वर मिळतं, जर्मनीत एलबीए हे विमान प्राधिकरण देतं. यंत्र उडण्यालायक असतानाच ते मिळतं आणि हातात येऊन फार दिवस उलटलेले चालत नाहीत. म्हणून ते जहाजाच्या तारखेच्या जवळ घ्या. त्यानंतर नाव कमी करण्याचा अर्ज. डीरजिस्ट्रेशनची खबर तिथल्या प्राधिकरणाने थेट डीजीसीएला कळवावी, असं अर्जात स्पष्ट मागा. तुमच्या हातातली प्रत असली तरी थेट आलेलं पत्र काम सोपं करतं.

सुटं करणं आणि बांधणं

ग्लायडर दर रविवारी सुटं होतं, जोडलं जातं, ट्रेलरमध्ये जातं. म्हणून ते तसंच समुद्रावर पाठवता येईल असं वाटतं. फरक वेळेचा आहे. रस्त्यावर चार तास चालणारी पकड महिना-दीड महिना डुलणाऱ्या जहाजावर पुरत नाही. ट्रेलरमधल्या प्रत्येक टेकूजवळ हाताने ढकलून बघा. पंख सेंटिमीटरभरही हलत असेल, तर त्या जागी महिनाभरात जेलकोट (फायबरवरचा पांढरा थर) घासून निघणार.

पंख उभे, पुढची कड खाली, मुळाशी स्पारच्या टोकावर टेकलेले. दुसरा आधार टोकाकडे दोन तृतीयांश अंतरावर, पंखाच्या आकाराच्या खोबणीत, निदान पंधरा सेंटिमीटर रुंद आणि आतून गालिचा लावलेला. अरुंद आधार उन्हात पंखावर खड्डा पाडतो. फायबरग्लासची बांधणी ५४ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानाला सिद्ध केलेली असते. ग्लायडर पांढरी असतात तीही म्हणूनच. बंदरात वरच्या थरात उन्हात पडलेल्या कंटेनरच्या आत त्या मर्यादेच्या जवळ जायला वेळ लागत नाही. म्हणून बुकिंग करताना डेकखालची जागा मागा आणि माल ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात पोहोचेल असं वेळापत्रक लावा. एप्रिल-मेमध्ये गुजरातच्या बंदरात आणि जुलै-ऑगस्टच्या ओलीत दशरथला कंटेनर उघडणं, दोन्ही टाळा.

एलरॉन, एअरब्रेक, रडर या हलणाऱ्या भागांना लॉक लावा. कॅनॉपीला (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला) मऊ सुती आवरण घाला, त्यावर पट्टा आवळू नका. फुगेवालं प्लास्टिक जेलकोटला किंवा कॅनॉपीला थेट गुंडाळू नका. खाली ओल धरते आणि गोल ठसे उठतात, ते पॉलिशने जात नाहीत. पंख जोडणाऱ्या मुख्य पिना, आडव्या शेपटीचा बोल्ट आणि सेफ्टी क्लिपा एका कापडी पिशवीत घालून फ्यूजलाजच्या (धडाच्या) आत बांधा, पिशवीवर यादी चिकटवा आणि फोटो काढा. मेन पिन हरवली तर बाजारातून खिळा आणून चालत नाही, कारखान्याचाच भाग सर्टिफिकेटसकट मागवावा लागतो. तोवर ग्लायडर नुसतं उभं राहतं. जुन्या यंत्रात कंट्रोलच्या ल’ओतेलिए जोडण्या (गोळी-सॉकेट पद्धतीच्या) असतील, तर त्यांच्या सेफ्टी स्लीव्हही याच पिशवीत.

ऑक्सिजनची बाटली असेल तर रिकामी करून झडप उघडी ठेवा, नाहीतर ती काढून विकणाऱ्याकडेच राहू द्या. भरलेली बाटली धोकादायक मालात मोडते, तसंच लिथियम बॅटरीही. एका बॅटरीपायी अख्ख्या कंटेनरची कागदपत्रं बदलतात. बॅटऱ्या इथेच नव्या घ्या.

ट्रेलर आणायचा का? हँगरमधला कायमचा खोका म्हणून तो अमूल्य आहे. रस्त्यावर गाडीमागे ओढायचा असेल तर मात्र आरटीओची नोंदणी लागते आणि युरोपातला ट्रेलर इथल्या नियमांत बसवणं हे वेगळंच प्रकरण आहे. तुम्हाला तो फक्त साठवणीसाठी हवा असेल तर आणा, इथला प्रवास ट्रकवर करा.

कंटेनर

४० फुटी कंटेनरची आतली लांबी साधारण १२.०३ मीटर, रुंदी २.३५ मीटर, दाराची उंची २.२८ मीटर. जास्त उंचीच्या हायक्यूब कंटेनरचं दार २.५८ मीटर उंच. २० फुटीची आतली लांबी ५.९ मीटर, त्यात पंधरा मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरचा एक पंखही मावत नाही, तेव्हा तो विचार सोडून द्या. ट्रेलरची रुंदी मडगार्डपाशी मोजा, बॉडीपाशी नाही. उंची झाकणाच्या सर्वांत वरच्या टोकाला मोजा. ट्रेलरशिवाय लाकडी घोड्यांवर नीट आखणी केली तर एका ४० फुटीत दोन ग्लायडर बसतात आणि भाडं वाटून घेता येतं.

लाकूड जे वापराल त्यावर आयएसपीएम १५ या कीडमुक्त लाकडाच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवाच. उष्णतेची प्रक्रिया केलेलं लाकूड, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस किमान ३० मिनिटं, त्यावर ‘एचटी’ लिहिलेलं असतं. शेजारच्या सुताराकडून आणलेल्या बिनशिक्क्याच्या फळीवर क्वारंटाइनवाले कंटेनर थांबवतात. हे अगदी नेहमीचं आहे.

ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे खिळ्यांनी कंटेनरच्या लाकडी तळाला ठोका. हँडब्रेक सैल ठेवा, कारण खाऱ्या दमट हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. रॅचेटचे पट्टे चारी कोपऱ्यांतून तिरके, ट्रेलरच्या लोखंडी चौकटीला बांधा. फायबरच्या झाकणाला कधीच नाही. कंटेनरच्या तळाकडच्या कड्या साधारण एक टन ओढ घेण्यासाठी असतात, आपल्या मालाला त्या पुरतात. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या बाजूच्या भिंतींवर टांगा. पंखावर टांगू नका, भरल्या की खारं पाणी ठिबकू शकतं. दार लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो आणि शेवटी सीलच्या क्रमांकाचा फोटो.

जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन दिल्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत. फॉरवर्डर (मालवाहतूक जुळवणारा एजंट) ते करतो, तुम्ही फक्त कोणाच्या जबाबदारीवर आहे ते करारात बघा. विमा वेगळा घ्या. ग्लायडरचा हल (यंत्राच्या नुकसानीचा) विमा समुद्रप्रवासाला लागू पडेलच असं नाही. मरीन पॉलिसी इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘ए’ ची (सर्वांत व्यापक संरक्षणाची), माल अधिक भाडं अधिक दहा टक्के एवढ्या रकमेची. जहाजावर संकट आलं आणि जनरल अ‍ॅव्हरेज (नुकसान सगळ्या मालमालकांत वाटणं) जाहीर झालं, तर तुमच्या मालाला ओरखडा नसला तरी वाटा भरावा लागतो. तोही याच पॉलिसीतून निघतो.

कस्टम्स

बिल ऑफ लेडिंगवर शेवटचं ठिकाण दशरथ डेपो लिहून घेतलं, की मुंद्रा किंवा न्हावा शेवाहून कंटेनर सीलबंद बडोद्याला येतो आणि तपासणी घराजवळ होते. बंदरावर अनोळखी मजुरांसमोर ग्लायडर उघडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

इंजिन नसलेलं ग्लायडर कस्टम्सच्या ८८०१ या शीर्षकाखाली येतं. मोटार असलेलं ८८०२ कडे जातं आणि शुल्काचं, परवानग्यांचं गणित बदलतं. ट्रेलर ८७१६, पॅराशूट ८८०४. बिलात प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीसह हवी. नाहीतर अधिकारी सगळ्याला स्वतःचा अंदाज लावतात. बसवलेली उपकरणं बसवलेलीच राहू द्या. रेडिओ काढून वेगळ्या खोक्यात घातला की तो विमानाचा भाग न राहता स्वतंत्र रेडिओ होतो. कस्टम्स ब्रोकरकडून त्या शीर्षकाचं आजचं आयात धोरण आणि शुल्काचा हिशोब, मूळ शुल्क, अधिभार आणि आयजीएसटी धरून, पैसे पाठवण्याआधीच लेखी घ्या. वापरलेल्या वस्तूच्या किमतीवर शंका घेतली जातेच. त्यासाठी करारनामा, बँकेची पावती आणि त्याच प्रकारच्या यंत्रांच्या दोन-तीन जाहिराती फाइलमध्ये तयार ठेवा.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या तीस दिवस आधीपासून भरता येतं. आधीच भरा. उशीर झाला की दिवसागणिक आकार लागतो.

उतरवण्याचा विचार आधी करा. रस्त्याच्या ट्रेलरवर असलेल्या कंटेनरचा तळ जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच असतो. हायड्रा क्रेन आत शिरत नाही. मकरपुरा जीआयडीसीतल्या ज्या कारखान्याकडे लोडिंग डॉक आहे त्याच्याशी एका दिवसापुरतं बोलून ठेवा, म्हणजे ग्लायडरचा ट्रेलर हाताने सरळ बाहेर लोटता येतो. ते जमलं नाही तर बिघडलेल्या गाड्या नेणारा सपाट, तिरका होणारा ट्रक कंटेनरला पाठ लावून उभा करा, उंची जुळवा आणि विंचने हळूहळू ओढा. सहा माणसं पुरतात. एक जण फक्त झाकण आणि दाराच्या चौकटीतली फट बघत उभा राहील, त्याने दुसरं काही करायचं नाही.

व्हीटी

नोंदणीचा अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरून. सोबत विक्रीचा कागद, डीरजिस्ट्रेशन, बिल ऑफ एंट्री, विमा आणि मालकाची कागदपत्रं. अक्षरं मिळाली की रंगवा: पंखाच्या खालच्या बाजूला निदान ५० सेंटिमीटर उंच, फ्यूजलाज किंवा उभ्या शेपटीवर निदान ३० सेंटिमीटर. बारीक फ्यूजलाजवर ३० सेंटिमीटर बसत नसतील तर शेपटीवर घ्या. आगीत न वितळणारी ओळखपट्टी, स्टेनलेस स्टीलची, अक्षरं कोरलेली, कॉकपिटमध्ये रिव्हेट करा. स्टिकर चालत नाही. जुनी अक्षरं हेअर ड्रायरने गरम करून काढा, ब्लेडने खरवडू नका.

रेडिओसाठी डब्ल्यूपीसी या केंद्राच्या वायरलेस विभागाचा परवाना वेगळा लागतो. मोड-एस ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) असेल तर त्यातला २४ बिटांचा पत्ता अजूनही जर्मनीचा असतो. भारताच्या गटातला, म्हणजे ८ ने सुरू होणारा नवा पत्ता मिळवून तो भरून घ्या. ईएलटी (अपघातानंतर संकेत पाठवणारं यंत्र) असेल तर त्याचाही देशाचा कोड बदलून ४१९ करून घ्यावा लागतो. हे राहिलं तर अपघाताच्या वेळी शोधपथकाचा फोन जर्मनीतल्या जुन्या मालकाला जातो.

त्यानंतर एअरवर्दिनेसची तपासणी. ग्लायडर पूर्ण जोडून उभं ठेवा, एएमई हजर ठेवा. बसवलेल्या उपकरणांचे क्रमांक यादीशी जुळवा, एक आकडा चुकला तरी तपासणी पुढच्या तारखेवर जाते. कंट्रोलची चाचणी दोघांनी करायची: एक जण कॉकपिटमध्ये स्टिक धरून, दुसरा बाहेर प्रत्येक पृष्ठभाग हाताने अडवून धरतो. आतल्याला दाब जाणवला तरच जोडणी लागलेली आहे असं माना. एलरॉन हलतो हे नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही, कारण ल’ओतेलिएची गोळी सॉकेटात अर्धवट बसली तरी जमिनीवर तो हलतो.

सर्टिफिकेट हातात आलं की पहिल्या काही लाँचनंतर मेन पिना, शेपटीचा बोल्ट आणि टो-हुक पुन्हा तपासा, तपासल्याची नोंद नव्या भारतीय लॉगबुकात करा आणि एअरवर्दिनेस रिव्ह्यूच्या पुढच्या वर्षीच्या तारखेच्या तीन महिने आधीची तारीख एएमईच्या डायरीत आजच लिहून घ्या.